परसातली कोंबडी : अंडी उबवण्याचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे: पिलू पूर्ण तयार झालं, पण कवचातच मेलं. म्हणून तोच प्रश्न आधी आणि सविस्तर घेतला आहे.

प्रश्न : २४ अंड्यांचं उबवणीचं मशीन घेतलं. जुलैत अंडी लावली. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे पाण्याचे दोन्ही खाचे रोज भरत होतो. १८ व्या दिवशी अंड्यांमागे बॅटरी (टॉर्च) लावून पाहिलं तेव्हा बहुतेक अंड्यांत हालचाल होती, पण पिलं पाचच निघाली. उरलेली फोडली तर आत पूर्ण वाढलेली, ओली, फुगलेली पिलं मेलेली. काय चुकलं? (घणसोली गावठाण)

पाणी जास्त झालं. तापमान बिघडलं असतं तर इतकी अंडी १८ दिवस तगली नसती.

अंड्याच्या जाड टोकाला हवेची पोकळी असते. कवचाच्या बारीक छिद्रांतून आतलं पाणी उडतं तशी ती मोठी होते. साधारण २० व्या दिवशी पिलू चोच त्या पोकळीत घालून पहिला श्वास घेतं, मग कवचाला टोचा मारतं. पाणी पुरेसं उडालंच नाही तर पोकळी लहान राहते, पिलू फुगतं, त्याला आत वळायला जागा मिळत नाही आणि ते गुदमरतं. तुम्ही पाहिलीत ती पिलं अशीच गेली आहेत.

‘खाचे कायम भरलेले ठेवा’ ही सूचना कोरड्या हवेसाठी ठीक आहे, खाडीकाठच्या हवेला ती लागू पडत नाही. हवा तापवली की तिची आर्द्रता टक्क्यांत उतरते. जुलैत बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअसची आणि ८५ ते ९० टक्के दमट असेल, तर मशीनमध्ये ३७.५ अंशांना तापल्यावर ती थेंबभर पाणी न घालताही ४७ ते ५० टक्क्यांवर असते. पहिल्या १८ दिवसांना तेवढी पुरते. जानेवारीत मात्र २५ अंशांची आणि ५५ टक्क्यांची हवा मशीनमध्ये २७ टक्क्यांवर येते. तेव्हा एक खाच भरावी लागते. मशीन एसीच्या खोलीत असेल तर ऐन पावसाळ्यातही जानेवारीसारखंच वागावं लागतं, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो.

मशीनवरच्या आर्द्रतेच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्वस्त मीटर १० टक्क्यांनीही चुकतात. तपासायची सोपी रीत आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, पाण्याचे चार-पाच थेंब टाकून दमट करा (विरघळू देऊ नका) आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत ८ ते १० तास बंद ठेवा. मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. ६८ दाखवले तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ७ मिळवायचे.

याहून भरवशाचा आहे तो स्वयंपाकघरातला वजनकाटा. लावतानाचं वजन आणि १८ व्या दिवसाचं वजन यांत ११ ते १३ टक्के घट हवी. २४ गावठी अंडी मिळून १००० ग्रॅम भरली असतील, तर ७ व्या दिवशी ती साधारण ९५५ आणि १८ व्या दिवशी ८७० ते ८९० ग्रॅम भरावीत. ७ व्या दिवशी ९७० दिसली, तर पाणी ताबडतोब बंद करून मशीनच्या हवेच्या झडपा पूर्ण उघडायच्या. ९३० दिसली, तर पाणी वाढवायचं. लावतानाच प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने वजन लिहिलंत, तर मधे रिकामी अंडी काढल्यावरही हिशेब जुळतो. पेन मात्र वापरू नका.

१८ व्या दिवसापासून गणित उलटतं. अंडी फिरवणं बंद, आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के. आता दोन्ही खाचे कोमट पाण्याने भरा. आर्द्रता पाण्याच्या खोलीने वाढत नाही, पसरलेल्या पृष्ठभागाने वाढते. कमी पडली तर ओल्या स्पंजचा तुकडा ठेवा. झडपा मात्र बंद करू नका. या तीन दिवसांत पिलांना प्राणवायू सगळ्यांत जास्त लागतो.

प्रश्न : थर्मोकोलच्या खोक्याचं मशीन घरी बनवतो आहे. तापमान राखणारा डब्ल्यू १२०९ कंट्रोलर आणला आहे, पण तापमान ३६ ते ३९ असं झुलतं. (कोलशेत)

सेटिंग बदला. या कंट्रोलरमध्ये पी१ म्हणजे बल्ब बंद होणं आणि पुन्हा लागणं यांतलं अंतर. कारखान्यातून ते २ अंशांवर येतं, ते ०.३ करा. ‘सेट’चं बटण पाच सेकंद दाबून धरलं की यादी उघडते. पी० वर ‘एच’ हवं. ‘सी’ असेल तर तो कंट्रोलर तापवण्याऐवजी थंड करणाऱ्या यंत्रासाठी चालतो. पंखा असलेल्या पेटीला ३७.६ वर ठेवा. बिनपंख्याच्या पेटीत वर-खाली फरक पडतो, तिथे अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.५ हवेत. पण १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा स्वस्तात मिळत असताना बिनपंख्याची पेटी करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बल्ब साधे तारेचे हवेत, एलईडी उष्णता पुरेशी देत नाही. १०० वॅटचा एक लावण्यापेक्षा ४० वॅटचे दोन समांतर जोडा. मोठा बल्ब विझल्यावरही बराच वेळ तापमान चढवत राहतो आणि तो उडाला की सगळंच थांबतं. बल्ब आणि अंडी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा द्या, नाहीतर जवळची अंडी भाजतात. सेन्सर अंड्यांच्या वरच्या पातळीला, आडोशाच्या अलीकडे, अंड्यांच्या बाजूला ठेवा. हवेसाठी खाली दोन आणि वर दोन, १२ मिलिमीटरची भोकं पुरतात.

सेन्सर खरा आहे का हे पाहायला तापाचा डिजिटल थर्मामीटर वापरा. पेल्यात ३८ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घ्या, दोन्ही त्यात एकत्र धरा आणि जो फरक दिसेल तो पी४ मध्ये (तापमान दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये) भरा. मग पेटी २४ तास रिकामी चालवून पाहा, त्यानंतरच अंडी. कंट्रोलर १२ व्होल्टवर चालतो, पण बल्बची वायर २३० व्होल्टची आणि शेजारी पाण्याचं भांडं आहे. ती जोडणी वायरमनकडून पक्क्या कनेक्टरने करून घ्या, चिकटपट्टीवर भागवू नका.

प्रश्न : १२ व्या दिवशी वीज चार तास गेली होती. अंडी टाकून द्यावीत का? (कळवा)

नाही. झाकण बंद राहिलं असेल तर बहुतेक पिलं जगतात, फार तर काही तास उशिरा निघतात. भ्रूण थंडी सोसतो, पण उष्णता सोसत नाही. ४०.५ अंशांवर गेलेला तासभरसुद्धा चार तासांच्या अंधारापेक्षा वाईट. वीज गेल्यावर झाकण उघडून बघू नका, पेटीवर गोधडी टाका. १८ व्या दिवसानंतर असेल तर झडपा मोकळ्या राहतील अशी टाका. चार दिवसांनी बॅटरी लावून पाहा. शिरा लाल आणि ठळक दिसत असतील तर काम चालू आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावरच ठेवा, सरासरी ६० वॅटचं छोटं मशीन चांगल्या १०० अँपिअर-अवर बॅटरीवर १० तास आरामात चालतं.

प्रश्न : गावठी कोंबडी खुडूक बसली आहे. तिच्याखाली किती अंडी ठेवावीत? सासूबाई म्हणतात, विजा कडाडल्या की अंडी खराब होतात, म्हणून टोपलीत लोखंडी खिळा ठेवायचा. (दिवाळे)

आधी ती खरोखर खुडूक आहे का ते पाहा. हात पुढे केल्यावर पिसं फुलवून खुडखुडत असेल, रात्रीही खुराड्याच्या दांडीवर न जाता घरट्यातच राहत असेल, पोटाची पिसं गळून कातडी उघडी पडली असेल, तर बसवा. दोन रात्री लाकडी अंड्यावर किंवा टेबल टेनिसच्या चेंडूवर बसवून बघा. टिकली तर खरी अंडी रात्री अंधारात सरकवा. दिवसा जागा बदलली तर ती जुन्या जागी परत जाते.

गावठी कोंबडीला १० ते १२ अंडी पुरेत. हिवाळ्यात ९ बरी. जास्त ठेवली तर कडेची थंड पडतात, ती फिरवताना आत-बाहेर होतात आणि शेवटी सगळ्याच अंड्यांना थोडी थोडी थंडी बसते. टोपलीत तळाला दोन इंच कोरडी माती आणि वर भाताचा पेंढा घालून मधे उथळ खळगा करा. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवा आणि पेन्सिलीने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या तिच्याच टोपलीत अंडी घालून जातात. खूण नसलेली रोज काढा.

दिवसातून एकदा, १५ ते २० मिनिटं, ती खायला आणि विष्ठेला उठली पाहिजे. न उठणाऱ्या कोंबडीला हळूच उचलून बाहेर ठेवा, नाहीतर ती टोपलीतच घाण करते आणि अंडी नासतात. मका, तांदूळ, पाणी आणि राखेत लोळायला जागा, एवढी सोय ठेवा. २१ दिवस बसून राहणाऱ्या कोंबडीचा मोठा शत्रू म्हणजे बारीक तांबडे किडे. ते दिवसा टोपलीच्या विणीत लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्री बॅटरी घेऊन टोपलीची वीण तपासा. किडे असतील तर टोपली जाळून टाका, नवी आणा आणि पशुवैद्यकाला विचारून पावडर लावा. कडुनिंबाचा पाला घालायला हरकत नाही, पण तेवढ्याने हे किडे हटत नाहीत.

विजेच्या कडकडाटाने पिलू मरत नाही. ज्या रात्री विजा चमकतात त्याच रात्री पाऊस आडवा येतो, टोपली भिजते, कोंबडी बिचकून उठते आणि ओल्या कवचातून जंतू आत शिरतात. खरं कारण ते. खिळ्याने नुकसान नाही, सासूबाईंच्या मनासाठी तो राहू द्या, पण टोपली जमिनीपासून हातभर वर आणि ओल येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. आमचा सल्ला मागाल तर जून ते ऑगस्ट अंडी बसवूच नयेत. अंडी उबतात, पण ओलाव्यात पिलं रक्ती हगवणीने जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ.

प्रश्न : दुकानातली ‘गावठी’ अंडी उबतील का? फ्रिजमधली चालतील का? (ऐरोली)

लेअर फार्मच्या (फक्त खाण्याच्या अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) कळपात कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी कधीच उबणार नाहीत, कवच कितीही तपकिरी असो. शहापूर-मुरबाडकडची अंडी थेट घरातून घेत असाल, तर ८ ते १० कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे का आणि अंडी कोणत्या दिवसाची आहेत, हे दोन प्रश्न विचारा. १५ ते १८ अंश तापमानात अंडं ७ दिवस टिकतं, पण ठाण्याच्या मे महिन्यात ३२ अंशांच्या घरात भ्रूण अर्धवट वाढायला लागून मरतो. तेव्हा तीन दिवसांच्या आतली घ्या. फ्रिजमध्ये ४ अंश असतात, तेही त्याला बाधतं. टोकदार बाजू खाली करून थंड कोपऱ्यात ठेवा. धुऊ नका. प्रवासातून आलेली अंडी लावण्यापूर्वी १२ तास तशीच स्वस्थ ठेवा.

वनराज, गिरिराज यांसारख्या संकरित कोंबड्यांच्या अंड्यांतून पिलं निघतात, पण ती आईबापांसारखी होत नाहीत. त्या कोंबड्या खुडूकही क्वचितच बसतात.

प्रश्न : पिलाने टोचा मारून १२ तास झाले, पुढे सरकत नाही. कवच सोलावं का? (नेरुळ)

थांबा. टोच्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागतात. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या सुकतात. घाई केली तर रक्त येतं आणि बेंबी उघडी राहते. झाकण वारंवार उघडल्याने पडदा सुकून पिलाला चिकटतो, बऱ्याच वेळा अडकण्याचं कारण तेच. २४ तास उलटले आणि पडदा पांढरा-कोरडा दिसला, तरच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो ओला करा आणि टोच्याभोवतीचं नखाएवढं कवच काढा. लाल शीर दिसली की तिथेच थांबा.

प्रश्न : मशीनमधली पिलं खुडूक कोंबडीखाली सोडता येतील का? आणि लस कधी? (बेलापूर)

येतील. कोंबडी किमान दोन आठवडे बसलेली हवी आणि पिलं एक-दोन दिवसांची. रात्री एकेक अंडं काढत त्या जागी एकेक पिलू सरकवा आणि पहाटे उजाडताच लक्ष ठेवा. टोचत असेल तर पिलं लगेच काढून घ्या.

आई नसेल तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंशांनी कमी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बल्ब बंदच ठेवावा लागतो. पिलं बल्बखाली गोळा झाली तर थंडी, पंख पसरून कडेला पळाली तर उकाडा. खाली वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. गोणपाट किंवा तांदळाचा भुसा टाका. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका, म्हणजे पिलं बुडणार नाहीत.

राणीखेत रोगाची लासोटा लस ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो रोगाची साधारण १४ व्या दिवशी, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात. लहानात लहान बाटलीतही बहुधा १०० मात्रा असतात आणि मिसळल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आळीतल्या सगळ्यांनी एकाच सकाळी पिलं गोळा करा. लस दुकानातून बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. उन्हात तासभर फिरलेली लस मेलेली असते आणि ती दिली काय, न दिली काय, सारखंच. आजारी पिलाला लस देऊ नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.