तरुणपणीची गाणीच आयुष्यभर जवळची का राहतात?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: वय ४२, कॉलेजच्या वर्षांतली गाणी कुठूनही कानावर आली की गलबलून येतं, नवी गाणी कितीही ऐकली तरी आत शिरत नाहीत, आणि मुलगी म्हणते की तुम्ही जुन्यातच अडकलात. मग गाणी बिघडली, की आपलं मन थकलं?

मला दोन्ही पटत नाही. त्या वयात मन गाण्यांना पटकन चिकटतं हे खरं आहे, पण त्या वयात आपण गाणी ऐकायचो कशी, याचा वाटा त्याहून मोठा आहे असं माझं मत आहे. वयाचं काही करता येत नाही. ऐकण्याच्या रीतीचं करता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वयाचं. १९८९ मध्ये मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १६ ते ८६ वयाच्या १०८ जणांना १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि कुठलं किती आवडलं ते विचारलं. ऐकणारा आज कितीही वयाचा असो, तो साधारण २३-२४ वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती त्यांच्याकडे त्याचा कल सर्वात जास्त निघाला. नंतर आठवणींचाही वेगळा अभ्यास झाला. तिथे आवडीबरोबर हेही विचारलं गेलं, की हे गाणं ऐकून स्वतःच्या आयुष्यातलं काही आठवतं का. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात ऐकणारा १४ वर्षांच्या आसपास असताना गाजलेल्या गाण्यांवर आठवणींचा जोर सर्वाधिक होता. या दोन आकड्यांत जवळजवळ दहा वर्षांचं अंतर आहे आणि ते मला अगदी खरं वाटतं. शाळेतल्या शेवटच्या वर्षांची गाणी माझ्याकडे माणसांसकट, वर्गासकट परत येतात, पण ती सगळीच मला आवडतात असं नाही. आवड पुढे सावकाश ठरत गेली.

हे फक्त गाण्यांचं नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातले प्रसंग सांगायला लावले तर १० ते ३० या वयातले प्रसंग बाकीच्या वर्षांच्या मानाने कितीतरी जास्त येतात. कारण सरळ आहे. घराबाहेर पहिल्यांदा राहणं, पहिलं प्रेम, पहिलं अपयश, पहिली कमाई, हे सगळं त्याच काळात घडतं. आपण कोण आहोत हे त्याच काळात आपलं आपल्याशी ठरत असतं, आणि कुठली गाणी आपली हेही त्या ठरण्यातच येतं. गाणी त्या वेळी सोबतीला असतात, म्हणून ती त्या प्रसंगांबरोबर विणली जातात.

याचा सगळ्यात नेमका उलगडा मला तत्त्वज्ञ रूसोच्या १७६८ सालच्या संगीतकोशात सापडला. आल्प्समध्ये गुरं राखणाऱ्यांची एक धून होती. परमुलखात भाडोत्री सैनिक म्हणून गेलेल्या स्विस तरुणांच्या कानावर ती पडली की ते रडत, सैन्य सोडून पळत, खंगून मरत. म्हणून ती वाजवायला सक्त बंदी होती, असं तो सांगतो. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं पुढचं निरीक्षण. परक्या माणसावर त्या धुनेचा काहीच परिणाम होत नाही, असं तो म्हणतो. ती ऐकणाऱ्याला गावची, तरुणपणाची, जुन्या सुखांची याद देते, आणि तिचा सगळा जोर तिथून येतो. तिथे ती संगीत म्हणून काम करतच नाही, आठवणीची खूण म्हणून करते.

माझ्याकडेही अशी एक धून आहे. होस्टेलवर शेजारच्या खोलीतली मुलगी परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरा एकच गाणं लावायची. गाणं सामान्य होतं. यमकं ओढूनताणून जुळवलेली, मधल्या जागा भरायला वाद्यांचा गलका. आजही मला ते चांगलं म्हणवणार नाही. पण त्याचे पहिले चार ठोके ऐकले की भिंतीपलीकडे कुणीतरी जागं असल्याचा तो धीर जसाच्या तसा परत येतो, आणि उद्या काय होणार ही धाकधूकही. त्याच वर्षांत ऐकलेली, संगीत म्हणून कितीतरी उजवी असलेली गाणी मला अशी हलवत नाहीत. म्हणून तुमचे डोळे भरून येतात तेव्हा ते गाणं श्रेष्ठ असल्याचं सिद्ध करायची गरज नाही. ते तुमचं आहे एवढं पुरेसं आहे.

आता ऐकण्याच्या रीतीकडे येते. मला खरं बोलायचंय ते इथेच.

तुमच्या वयाचा हिशेब केला तर तुम्ही कॅसेटचे शेवटचे दिवस आणि सीडीचा भर असे दोन्ही पाहिले असणार. फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये आणली, सोनीचा वॉकमन १९७९ मध्ये आला, सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. या सगळ्या सोयीच होत्या, पण त्यांच्यात एक अडचण शिल्लक होती: तुमच्याकडे असेल तेवढंच तुम्हाला ऐकता यायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. नावडतं गाणं आलं तर फीत पुढे पळवायची, अंदाजाने थांबवायची, पुढे गेली तर मागे आणायची. त्यापेक्षा ते गाणं ऐकून घेणं सोपं पडायचं. असं नाइलाजाने ऐकून घेतलेलं गाणंच काही महिन्यांनी सर्वात लाडकं झालं, हा अनुभव तुम्हालाही असेल. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट निव्वळ पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. आपल्या कानांवर हा प्रयोग वर्षानुवर्षं चालू होता.

पारायणाने आणखी एक गोष्ट घडते. गाणं पुढे कुठे वळणार हे माहीत होतं आणि त्या वळणाची वाट पाहता येते. २०११ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी, संगीत ऐकून अंगावर काटा येतो अशा लोकांच्या मेंदूची तपासणी केली. त्यांना आवडत्या जागेवर डोपामाइन हे आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन वाढलेलं दिसलं, आणि ती जागा यायच्या आधीच्या क्षणांतही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते वाढलेलं दिसलं. म्हणजे अर्धा आनंद वाट पाहण्यात आहे. आणि ज्याचं पुढचं वळण ठाऊक नाही त्याची वाट कशी पाहणार? नवं गाणं एकदा ऐकून त्याची तुलना शेकडो वेळा ऐकलेल्या गाण्याशी केली, तर नवं हरणारच.

अल्बमच्या क्रमाचंही तसंच. एक गाणं संपलं की मधल्या शांततेत पुढच्याचा पहिला सूर मनात आधीच वाजू लागतो. २००९ मधल्या एका अभ्यासात पाठ झालेल्या अल्बममधली दोन गाण्यांमधली ही शांतता नेमकी तपासली होती, आणि त्या काही सेकंदांत मेंदू पुढच्या गाण्याच्या तयारीला लागलेला दिसला. मला तर आजही रेडिओवर एखादं जुनं गाणं संपून भलतंच सुरू झालं की पायरी चुकल्यासारखं होतं.

आणि सोबत. तेव्हा गाणं बहुतेक वेळा खोलीत वाजायचं, एकट्याच्या कानात नाही. आवडलं तर कुणालातरी ओढून आणून ऐकवायचं, शब्दांवरून वाद घालायचा, चुकीचे ऐकलेले शब्द बिनदिक्कत म्हणायचे. गाण्याला माणसं चिकटायची ती अशी. आज बहुतेक मोठी माणसं नवी गाणी कधी ऐकतात? प्रवासात, काम करताना, ॲपने पुढे ढकललेली, अर्ध्यावर स्किप केलेली. त्या वेळी आयुष्यात नवं काही घडत नसतं आणि शेजारी कुणी नसतं. तशा ऐकण्यातून कुठल्याही वयात काही रुजलं नसतं, विशीतसुद्धा नाही.

गाणी बिघडली का, याबद्दल थोडक्यात. २०१२ मध्ये स्पेनमधल्या काही संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातल्या साडेचार लाखांहून जास्त पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणांची संगणकाने छाननी केली. ध्वनिमुद्रणं उत्तरोत्तर जास्त मोठ्या आवाजाची होत गेली आणि स्वरांच्या जोडण्यांतलं, वाद्यांच्या नादातलं वैविध्य कमी झालं, असं त्यांना आढळलं. तेव्हा तुमची तक्रार अगदीच निराधार नाही. पण त्यावरून एखादं गाणं चांगलं की वाईट हे ठरत नाही, आणि आपण तुलना करतो तीही विषम असते. आपल्या तरुणपणी निघालेली भिकार गाणी आपण विसरलो. उरली ती वेचक. आजची सगळी अजून न पाखडलेली समोर आहेत. त्या काळातल्या एखाद्या वर्षाची गाजलेल्या गाण्यांची पूर्ण यादी काढून वाचा, त्यातली निम्मी तुम्हाला आज ऐकवणार नाहीत.

मन थकलं का, हेही विचारलंत. जुन्या काळाची ही ओढ एके काळी खरोखरच आजार मानली जायची. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घरच्या ओढीने खंगणाऱ्यांवर स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये प्रबंध लिहिला होता. आजचे अभ्यासक उलट सांगतात. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात यावर बरीच वर्षं काम चाललं आहे. त्यांना दिसलं की माणूस एकटा किंवा उदास असताना ही ओढ जास्त लागते आणि तिच्यातून बाहेर येताना त्याला आपल्या माणसांशी जोडल्यासारखं वाटतं. गलबलून येणं हे तुम्हाला उभं करणारं आहे, त्याला घाबरू नका. एकच सांगते: सर्वात जिवाची गाणी रोज कामाच्या मागे लावून ठेवू नका. जे गाणं रोज वाजतं त्याला रोजच्या दिवसाच्या आठवणी चिकटत जातात आणि जुनी खूण पुसट होते. माझी काही गाणी मी मुद्दाम क्वचितच लावते.

नव्या गाण्यांसाठी मी सध्या काय करते ते लिहिते. एका वेळी एकच नवा अल्बम घेते. तो क्रमाने, मधलं काही न गाळता, काही आठवडे ऐकते. दुसरं काम करत नाही, फार तर चालते. पहिल्या दोनतीन वेळा बहुतेक काहीच होत नाही, आणि नेमकं तिथेच आपण सोडून देतो. त्यानंतर एखादी ओळ दिवसभर डोक्यात रुंजी घालू लागते, आणि मग बाकीचं गाणं तिच्यामागून येतं. सगळेच अल्बम टिकत नाहीत. जे टिकले ते मात्र आता माझे झाले आहेत, आणि त्यातला एक तर थेट आमच्या घरातल्या मोठ्या दुखण्याच्या दिवसांशी बांधला गेला आहे. विशीतल्या गाण्यांइतक्याच ताकदीने तो ते दिवस परत आणतो.

मुलीचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका, पण तिच्यासमोर ‘आमच्या वेळची गाणी’ असा निवाडाही देऊ नका. तिला तुमची गाणी नुसती ऐकू द्या. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या अभ्यासकांनी २०१३ मध्ये विशीतल्या मुलामुलींना १९५५ पासूनची गाजलेली गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली, यात नवल नाही. पण त्यांचे आईवडील तरुण असताना गाजलेल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी जोडलेल्या निघाल्या. ती गाणी घरात वाजत होती आणि मुलं ती ऐकत वाढली होती. तुमची मुलगी आज कंटाळत असेल, तरी तुमची गाणी तिच्यात मुरत आहेत. तिला म्हणावं, तुझं एक गाणं लाव आणि त्यात तुला काय आवडतं ते सांग. तिच्या सोबतीने ऐकलेलं नवं गाणं तुम्हाला एकट्याने ऐकलेल्यापेक्षा लवकर भिडेल, कारण त्याला पहिल्या दिवसापासून माणूस जोडलेलं असेल.

तुम्ही विचारलं नव्हतं, तरी एक गोष्ट. तुमचे आईवडील असतील तर त्यांच्या १४ ते २५ या वयातली गाणी आत्ताच विचारून लिहून ठेवा. २००९ मध्ये पेट्र जनाटा या मेंदूच्या अभ्यासकाने तरुणांना त्यांच्या लहानपणीची आणि किशोरवयातली गाणी ऐकवून मेंदूची चित्रं काढली. गाणं आणि स्वतःची आठवण जिथे एकत्र येतात तो कपाळामागचा भाग त्यात उठून दिसला, आणि अल्झायमरमध्ये हा भाग तुलनेने उशिरा खालावतो. पुढे कधी आईवडिलांची स्मृती सुटू लागली तर त्यांच्याजवळ कुठली गाणी लावायची, हे तेव्हा त्यांना विचारता येणार नाही. ‘जुनी गाणी’ एवढं लिहून उपयोग नाही. नेमकं गाणं, कुणाच्या आवाजातलं, आणि ते तेव्हा कुणाबरोबर ऐकलं, हे सगळं लिहा.