लघवीच्या रिपोर्टात डोपामीन नॉर्मल आलं म्हणून गोळ्या बंद करू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाचं निदान झालंय, कुणीतरी सुचवलं म्हणून तुम्ही लघवीतलं ‘न्यूरोट्रान्समीटर पॅनल’ (चेतापेशींमध्ये निरोप नेणाऱ्या रसायनांची तपासणी) करून घेतलंत, त्यातलं एक रसायन, डोपामीन, नॉर्मल आलं आणि आता घरचे विचारतायत की मग गोळ्या कशाला. वर तीच मंडळी जीन टेस्टचं पॅकेज गळ्यात मारतायत. हे नाटक आमच्या घरी, माझ्या दादाच्या बाबतीत होऊन गेलंय. मी डॉक्टर नाही, ऐरोलीत अकाउंट्सची नोकरी करतो. डोसबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, ते तुमच्या सायकिअ‍ॅट्रिस्टना विचारा.

आधी रिपोर्टचं. लघवीतलं डोपामीन मुख्यतः किडनीत तयार झालेलं असतं. रक्तातलं डोपामीन मेंदूत जात नाही, मध्ये रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर आहे. मोरबे धरणात पाणी किती, हे वाशीच्या खाडीत डोकावून सांगण्यासारखा हा प्रकार. या आजारात मेंदूभर डोपामीन वाढलेलं नसतं. स्ट्रायटम नावाच्या खोलवरच्या भागात चेतापेशींची टोकं ते गरजेपेक्षा जास्त बनवतात आणि सोडतात. पुढच्या भागात, जिथे नियोजन आणि लक्ष देणं चालतं, तिथे उलट कमी पडत असावं असं मानतात. संशोधनात स्ट्रायटममधलं हे पेट स्कॅनवर (मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणारा स्कॅन) दिसतं, तेही गटांच्या सरासरीत. एकट्या माणसाचं निदान त्यावरून करत नाहीत. मग लघवीच्या डबीवरून कसं करणार?

लघवीवरून कळतं, हे आम्हाला पटवून दिलं ठाणे स्टेशनजवळच्या एका सेंटरने. नाव घेत नाही. पहिला मजला, काचेचं दार, जाड कागदावर रंगीत रिपोर्ट, डोपामीनपुढे हिरवी पट्टी. समोरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, “केमिकल बॅलन्स्ड आहे, आता सप्लिमेंट्सवर भागेल.” दादाने तो कागद झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतला. आई गोळी पुढे करायची, तो खिशातून कागद काढून हिरव्या पट्टीवर बोट ठेवायचा. काय बोलणार? शिक्का होता, सही होती, पैसे आम्हीच भरले होते.

खरा घात पुढे झाला. गोळ्या सुटल्यावर पहिले काही आठवडे दादा चांगला दिसायला लागला. हातांची थरथर गेली, झोपाळूपणा गेला, चेहऱ्यावर हसू आलं. मामा छाती ठोकून सांगायला लागले, “बघा!” दिसत होतं ते इतकंच की साइड इफेक्ट्स ओसरले होते. आजार नेहमी लगेच उलटत नाही, मध्ये आठवडे किंवा महिनेही जातात, आणि तेवढ्यात घरच्यांची खात्री पक्की होऊन बसते. दादाचा उलटला तेव्हा त्याची नोकरी गेली. अ‍ॅडमिट करावं लागलं, आणि आधी ज्या डोसवर तो सावरला होता त्याच डोसवर परत तितका सावरला नाही. मी त्या सेंटरमध्ये जाऊन विचारलं, तर म्हणे, “आम्ही फक्त टेस्ट करतो, सल्ला देत नाही.” असो. अजून लिहिलं तर मॉडरेटर उडवतील.

गोळ्यांबद्दल घरच्यांना सांगायचं असेल तर एवढं सांगा. जुनी-नवी जवळजवळ सगळी औषधं डोपामीनच्या डी-२ रिसेप्टरवर (चेतापेशीवरची डोपामीन पकडणारी जागा) जाऊन बसतात. साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडले की भास-संशय कमी होतात, ८०च्या जवळ गेलं की थरथर आणि ताठरपणा येतो. डॉक्टर डोस मागेपुढे करतात ते या चिंचोळ्या पट्टीत बसवायला. पण सगळं दुखणं डोपामीनचं नाही. ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरचं काम मंदावलेलं असतं असा भक्कम संशय आहे. केटामीन हे भुलीचं औषध तेच रिसेप्टर अडवतं आणि धडधाकट माणसातही तात्पुरती तशी लक्षणं आणतं. २०१६मध्ये सी-४ या जीनचं संशोधन आलं. किशोरवयात मेंदू नको असलेले चेतापेशींचे सांधे छाटतो, ती छाटणी काहींत जास्त होत असावी, असा त्याचा रोख. म्हणून कानात येणारे आवाज थांबले तरी भाऊ दिवसभर नुसता बसून राहतो, त्याला आळशी म्हणू नका. आजाराच्या त्या बाजूवर आजची औषधं फारशी चालत नाहीत.

जीन टेस्टचे पैसे वाचवा. २०२२च्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या जीनोमवर २८७ जागा सापडल्या, एकेकीचा परिणाम चिमूटभर. अपवाद एक: लहानपणापासून हृदयाचा दोष, फाटलेला टाळू किंवा शिकण्यात अडचण असेल, तर २२व्या क्रोमोझोमचा तुकडा गळालाय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. दुसरी गोष्ट, सगळं काही दिवसांत झपाट्याने सुरू झालं असेल, सोबत फिट्स, ताप, तोंडाच्या विचित्र हालचाली असतील, तर एनएमडीए अँटिबॉडीची (शरीर स्वतःच्याच एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करतंय का) तपासणी करायला सांगा. तो वेगळा आजार आहे आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. बाकी पैसे शुगर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि वजन यांच्या तपासण्यांवर घाला. ते कंटाळवाणं आहे, पण उपयोगाचं.

जाता जाता, भाऊ सिगारेट ओढतो का? धुरामुळे क्लोझापीन आणि ओलान्झापीन ही या आजाराची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. अचानक सोडली की तोच डोस जड होतो. सोडायची असेल तर डॉक्टरांना आधी सांगून.

शेवटी तुम्ही स्वतःच्या लग्नाचं विचारलंय. सख्ख्या भावंडांना धोका साधारण ९ टक्के धरतात, इतरांना १च्या आसपास. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त भावंडांना होत नाही, आणि विशी-पंचविशी नीट पार पडली असेल तर धोका आणखी उतरतो. स्थळाकडच्यांना सांगायचं का? माझं मत विचाराल तर सांगा, पण आधी भावाला विचारून. आजार त्याचा आहे.