सोसायटीच्या गच्चीवरील ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी तीन वेगळी अर्थिंग लागतातच का?

आपण लिहिलेली परिस्थिती थोडक्यात अशी : मुलुंडमधील सात मजली इमारत, गच्चीवर १० किलोवॅटची ग्रिडला जोडलेली थ्री-फेज सौर यंत्रणा आणि आवारभर पेव्हर ब्लॉक. ठेकेदार अर्थिंगचे तीन खड्डे मागतो आहे व ते एकमेकांना मुळीच जोडायचे नाहीत असे बजावतो आहे. समितीतील एका सदस्यांच्या मते इमारतीचे जुने अर्थिंग पुरेसे आहे. आणि एका अमेरिकन व्हिडिओत पॅनेलची निगेटिव्ह वायर अर्थ केलेली पाहून आपणही ते करावे का, असे आपण विचारले आहे. अशा यंत्रणांची तपासणी हे माझे रोजचे काम असल्याने जरा सविस्तर लिहितो.

तीन खड्ड्यांबाबत ठेकेदाराचे म्हणणे बरोबर आहे, ते न जोडण्याबाबतचे मात्र साफ चुकीचे आहे. गच्चीवरील सौर यंत्रणांच्या सरकारी निविदांमध्ये डीसी बाजू (पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत), एसी बाजू (इन्व्हर्टरपासून ग्रिडपर्यंत) आणि लाइटनिंग अरेस्टर (आकाशातील वीज जमिनीत उतरवणारा दांडा) यांसाठी स्वतंत्र अर्थिंग व ५ ओहमपर्यंतचा रोध मागितलेला असतो. पण सर्व अर्थिंग एकमेकांना जोडून समान विभवावर (व्होल्टेजवर) आणावीत, हेही त्याच तपशिलात येते आणि नेमके तेच वाक्य बहुतेक ठेकेदार वाचत नाहीत. आयएस ३०४३ हे अर्थिंगचे भारतीय मानक (२०१८ची आवृत्ती) आणि आकाशातील विजेपासून संरक्षणाचे आयएस/आयईसी ६२३०५ यांचाही रोख तोच आहे. कारण हिशेबानेच पाहा. अरेस्टरच्या ५ ओहमच्या खड्ड्यात आकाशातील विजेचे २० किलोअँपिअर उतरले, तर त्या खड्ड्याचे विभव क्षणभर १ लाख व्होल्टवर चढते. एसीचा खड्डा न जोडता दूर ठेवला असेल, तर तो त्या वेळी शून्याच्या आसपासच राहतो. पॅनेलचा सांगाडा एका खड्ड्याला आणि इन्व्हर्टरची एसी बाजू दुसऱ्याला बांधलेली असल्याने हा सगळा फरक इन्व्हर्टरच्या अंगावर येतो. खड्डे जमिनीलगत पट्टीने जोडलेले असले, म्हणजे सगळे मिळून वर जाते व मिळून खाली येते. अरेस्टरची उतरती पट्टी मात्र वेगळी, इमारतीच्या बाहेरून आणि शक्य तितकी सरळ न्यावी. पॅनेलचा सांगाडा अरेस्टरपासून पुरेसा दूर ठेवता येत नसेल, तर तो गच्चीवरच किमान १६ चौरस मिलिमीटर तांब्याने तिला जोडावा लागतो.

आता सदस्यांचे म्हणणे. जुने अर्थिंग टाकून देऊ नये. नवे खड्डे मीटर रूममधील मुख्य अर्थ पट्टीला, म्हणजेच वीज कंपनीने दिलेल्या अर्थ टर्मिनललाही जोडावेत. नुसत्या ५ ओहमवर विसंबणे धोक्याचे आहे. फेजची तार सांगाड्याला लागली आणि प्रवाहाला परतायला फक्त मातीच असली, तर २३० भागिले ५, म्हणजे जेमतेम ४६ अँपिअर वाहतात. ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) तेवढ्यावर पडायला तासभरही लागू शकतो. तोवर सांगाड्यात वीज उतरलेली राहते. म्हणून धातूच्या तारेतून परतीचा मार्ग हवा आणि जोडीला आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) हवा. तो ३० मिलिअँपिअरचा घेऊ नका. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये पॅनेल आणि जमीन यांच्यामधून थोडी गळती सतत चालू असते, पॅनेल भिजले की ती वाढते, आणि मग जुलैतल्या प्रत्येक सरीला आरसीसीबी पडतो व वैतागलेला वायरमन तो काढूनच टाकतो. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा घ्यावा. टाइप ए की टाइप बी, हे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते.

निगेटिव्ह अर्थ करण्याचा विचार सोडून द्या. ती पद्धत ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या इन्व्हर्टरची. आज बसणाऱ्या बहुतेक इन्व्हर्टरमध्ये डीसी आणि ग्रिड यांच्यात विलगीकरण नसते, तर ग्रिडचा न्यूट्रल वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी आधीच अर्थ केलेला असतो. निगेटिव्ह जमिनीला लावला की फॉल्टच होतो. न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठही आपल्या एसीडीबीत (एसी बाजूच्या वितरण पेटीत) मारू नये. डीसीच्या दोन्ही तारा जमिनीपासून अलिप्त राहतात, आणि रोज सकाळी सुरू होण्यापूर्वी इन्व्हर्टर त्यांचे इन्सुलेशन तपासतो. पावसाळ्यात पडद्यावर आयसोलेशन फॉल्ट दिसला, तर बहुधा एखादा एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारा प्लग) गच्चीवरच्या साचलेल्या पाण्यात लोळत असतो. तो उचलून बांधावा. फॉल्ट पुसून पुन्हा सुरू करण्याची मोहीम काढू नये, कारण पहिल्या फॉल्टने फारसे काही होत नाही, दुसरा झाला की मेन स्विच बंद करूनही उन्हात डीसी वाहत राहतो.

ज्या कामावर मी सर्वाधिक शेरे मारतो, ते खड्ड्यांचे नव्हे, वरच्या जोडण्यांचे. पॅनेलच्या अॅल्युमिनियम चौकटीवर अॅनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही. साधा वॉशर लावून आवळलेला बोल्ट दिसायला घट्ट असतो, मीटर मात्र सलगता (अखंड विद्युत जोडणी) दाखवत नाही. दातेरी स्टेनलेस वॉशरने तो थर फोडावा, चौकटीच्या अर्थिंगसाठी दिलेल्या भोकातच जोडावे, तार किमान ६ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्यावी आणि लग (तारेच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) कथिलाचा मुलामा दिलेला असावा. उघडे तांबे अॅल्युमिनियमवर टेकवले, तर मुंबईच्या खाऱ्या हवेत ती जागा लवकरच पांढऱ्या भुकटीने भरते.

पेव्हर ब्लॉकमुळे अडायचे कारण नाही. कुंपणालगत ३ मीटरचे रॉड बसतात, दोन रॉडमध्ये निदान तेवढेच, जमल्यास दुप्पट अंतर ठेवावे. मुलुंडला डोंगराकडच्या बाजूला खाली बेसॉल्ट लागला, तर आणखी रॉड समांतर जोडावे लागतील. रोधाची मोजणी मे महिन्यात, माती कोरडी असताना करून घ्या आणि प्रत्येक पॅनेलच्या चौकटीपासून मुख्य अर्थ पट्टीपर्यंतच्या सलगतेचे आकडे अहवालात लेखी मागा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.