इलॅस्टेज मोजायला घेताय? आधी नमुना सांभाळा

सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात घट्ट चिकट स्राव साठवणारा आनुवंशिक आजार) बाळांत फुफ्फुसाचा दाह मोजायची सुरुवात न्यूट्रोफिल इलॅस्टेजपासूनच करा; न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सोडतात ते हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. ऑस्ट्रेलियातल्या 'अरेस्ट सीएफ' या संशोधक गटाने २०१३ मध्ये दाखवलं की बाळ तीन महिन्यांचं असताना फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवात मुक्त, सक्रिय इलॅस्टेज सापडलं, तर पुढे सीटी स्कॅनवर ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं) दिसण्याची शक्यता बरीच वाढते.

'सक्रिय' हा शब्द विसरू नका. अनेक एलायझा किट (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणारे) अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या शरीरातल्याच रोधकाने निकामी केलेलं इलॅस्टेजही मोजतात. आकडा मोठा दिसतो, पण ऊतक कुरतडणारं त्यात किती, ते कळत नाही. म्हणून सब्स्ट्रेटवर, म्हणजे एन्झाइम ज्याला तोडतं त्या पदार्थावर, क्रियाशीलता मोजा. त्या सब्स्ट्रेटला प्रोटिनेज-३ हे न्यूट्रोफिलचंच दुसरं एन्झाइमही तोडू शकतं, तेव्हा चाचणीच्या पट्टीतल्या एका वेलमध्ये (खळग्यात) सिव्हेलेस्टॅट हा इलॅस्टेजचा रोधक घालून फरक बघा.

नवख्यांचा घोळ नमुन्यातच होतो. फुफ्फुस सलाइनने टप्प्याटप्प्याने धुतात; त्यातला पहिला धुवण बहुधा मोठ्या श्वासनलिकांतला असतो. तो जंतुतपासणीला द्या, पुढचे एकत्र करा. लगेच बर्फावर ठेवा, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव लहान लहान भागांत उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका. सवयीने पीएमएसएफ हा प्रोटिएज-रोधक टाकलंत, तर मोजायचं तेच मारलंत! थुंकी पातळ करायला डीटीटी हे रसायन वापरलं तर प्रथिनांचे डायसल्फाइड बंध तुटतात. पेशी मोजायला ठीक, प्रथिनांसाठी वेगळा भाग नुसत्या बफरमध्ये ढवळा.

आयएल-८ (न्यूट्रोफिल्सना बोलावणारं दाहाचं सायटोकाइन, म्हणजे पेशींचं संदेश-प्रथिन) कमी आलं म्हणून हुरळू नका, इलॅस्टेजसारखे प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स) नमुन्यातली सायटोकाइन्सही तोडतात. आणि धुवणात सलाइन किती मिसळलं हे प्रत्येक बाळात वेगळं असतं, म्हणून रक्तातला आणि द्रवातला युरिया दोन्ही नोंदवून ठेवा; त्यांच्या तुलनेतून किती पातळ झालं याचा अंदाज येतो.