पाटीवरची ‘मेस’

प्रश्न : नारायण पेठेत आमची घरगुती मेस आहे. अकरावीतला मुलगा म्हणतो, “आई, इंग्रजीत मेस म्हणजे पसारा, घोळ. पाटीवरून तो शब्द काढ.” हे दोन्ही शब्द एकच का? पाटी बदलावी का?
– एक वाचक, पुणे 30

उत्तर : ताई, पाटी मुळीच बदलू नका. शब्द एकच आहे, पण मुलगा सांगतो तो अर्थ पुष्कळ नंतरचा.

लॅटिनमधलं ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणं; नंतर त्याचा अर्थ मांडणं असाही झाला. त्यावरून जेवणात समोर येणारा पदार्थ तो ‘मिस्सुस’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘मेस’ झालं आणि 1300 च्या सुमारास ते इंग्रजीत आलं, ते पानात वाढलेलं अन्न या अर्थानं. मेसेज आणि मिशन हेही त्याच घराण्यातले.

मग एकत्र जेवणाऱ्यांनाही मेस म्हणू लागले, त्यातही चौघांच्या गटाला. लंडनला बॅरिस्टर होणाऱ्यांना ठरावीक जेवणांना हजर राहावं लागे, तिथेही चौघाचौघांची पंगत. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिलंय, की चौघांत वाइनच्या दोन बाटल्या मिळत आणि ते स्वतः पीत नसल्यामुळे जो तो त्यांना आपल्या चौकडीत ओढायचा! लष्करातली मेसही एकत्र जेवणाचीच. आपल्या कॅम्पातल्या ऑफिसर्स मेसला कोणी घोळ म्हणेल का?

घोळ आला तो गोठ्यातून. जनावरांपुढे ठेवायच्या आंबोणासारख्या कालवणालाही मेस म्हणत. त्यावरून सरमिसळ, आणि एकोणिसाव्या शतकात गोंधळ, घाण.

मी सांगलीहून शिकायला आलो तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये जेवायचो. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद. मावशी तव्यावरची पोळी थेट पानात टाकायच्या आणि “भात घेतल्याशिवाय उठायचं नाही” म्हणून दटावायच्या. तापानं खोलीवर पडलो, तर न सांगता मऊ भाताचा डबा यायचा. परगावच्या किती पोरांना या पेठांतल्या बायकांनी सांभाळलं! त्या घरांवर लिहिलेला शब्द मला फार मोलाचा वाटतो.

मुलाला शब्दांचा इतिहास देणारा एखादा मोठा इंग्रजी कोश उघडायला सांगा. तिथे जेवणाचा अर्थ आधी येतो, पसाऱ्याचा पुष्कळ खाली. त्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात विचारलं, तर असा कोश मिळेल.