जुना पीडब्ल्यूके २८ घेतोयस? आधी स्लाइड बाहेर काढ

भावा, पोर्टिंग केलेली (सिलिंडरची भोकं घासून मोठी केलेली) यामाहा आरएक्स १०० आणि कोल्हापुरात कुणीतरी विकायला काढलेला केहिन कंपनीचा 'ओरिजनल जपानी' पीडब्ल्यूके २८, म्हणजे २८ मिमी भोकाचा कार्ब्युरेटर, आपला कार्ब. बॉडीवर नाव स्वच्छ दिसतंय, घेऊ का, असं विचारलंयस. त्या नावावर जाऊ नकोस. ते साच्यातच ओतलेलं असतं आणि साचा कुणीही बनवतो. तैवानची ओको कंपनी निदान स्वतःच्या नावाने पीडब्ल्यूकेची नक्कल विकते. बाकीचे बिनधास्त केहिन छापून मोकळे होतात. आणि २८च्या कार्बला बाहेरून नळीने पेट्रोल नेणारा पॉवर जेट दिसला, तर मी तरी तो कॉपीच धरतो.

वरचं झाकण उघडून स्लाइड, म्हणजे रेस दिली की वर उचलला जाणारा दट्ट्या, हातात घे. आपले मेस्त्री तिलाच पिस्टन म्हणतात. गोल असेल तर तो केहिनचाच पीई मॉडेलचा कार्ब, पीडब्ल्यूके नव्हेच. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर असा आकार हवा. मग व्हर्नियर लाव, पण फिल्टरच्या तोंडाशी नको, तिथे भोक पसरट असतं आणि आकडा मोठाच येतो. स्लाइडच्या अगदी लगत मोज. एकाच मापाच्या बॉडीवर २८ आणि ३० असे दोन वेगळे आकडे ठोकलेले मी पाहिलेत.

आता खरी परीक्षा. चालू इंजिन स्लाइडला सतत आपल्याकडे ओढत असतं, त्यामुळे झीज होते ती इंजिनकडच्या अंगाला. तिथे नख फिरव. मुलामा गुळगुळीत असेल तर ठीक, पितळ उघडं पडलं असेल किंवा नख अडकत असेल तर सावध हो. मग स्लाइड परत बसवून थोडी उचल आणि पुढे-मागे हलवून बघ. किंचित हालचाल नवीन कार्बातही असते. पण टकटक आवाज येत असेल तर बॉडीतली खाचही खाल्ली गेली असणार. स्लाइड बदलता येते, खाच भरून निघत नाही. अशा कार्बवर स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालायचा वेग, कधीच धड बसत नाही. रेस सोडलीस तरी इंजिन वरच लटकून राहतं, आणि तू बिचारा स्लोची हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू फिरवत बसतोस.

तो एअर स्क्रूही पूर्ण काढून बघ. कुणीतरी जोर लावून आवळलेला असेल तर टोकावर गोल रिंगण उमटलेलं दिसेल. टोकच तुटून आत राहिलं असेल तर कार्ब तसाच परत दे.

निडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली लांब सुई, उजेडात धरून फिरव. एका बाजूला चकाकती रेघ दिसली, तर ती ज्या नोझलमधून जाते ते भोकही लांबट झालंय असं समज. मग अर्ध्या रेसवर पेट्रोल जास्त जाणार, मेन जेट (फुल रेसचं पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) कितीही बदल. निडल नवीन मिळते, पण काही बॉडीत नोझल दाबून बसवलेली असते, ती सहज निघत नाही.

आत असलेल्या जेटवरचे आकडे लिहून ठेव, पण विश्वास ठेवू नकोस. तारेने साफ करता करता भोक मोठं केलेले जेट मी डझनाने काढलेत. मेन आणि पायलट (स्लोचा जेट) दोन्ही नवीनच घ्यायचे, तो खर्च आधीच किमतीत धर.

फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीच्या) सुईचं रबर, चोकच्या दट्ट्याचं रबर, ओरिंग या सगळ्या किरकोळ गोष्टी. खालच्या पेट्रोलच्या वाटीत उभी पितळी नळी असेल तर वाटी नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत पेट्रोलने भरून पाच मिनिटं ठेव. नळीला चीर असेल तर खालून गळेल, आणि लोक उगाच फ्लोटला दोष देत बसतात. कार्ब बरेच दिवस पडून असेल तर आत पांढरी पूड साचलीय का बघ. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं आणि ॲल्युमिनियम खातं.

आणि हो, कार्ब नव्यासारखा चमकत असेल तर मला जास्त भीती वाटते. असाच एक पीई २८ मी घेतला होता, विकणाऱ्याने काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून तो चकाचक केलेला. आत राहिलेले मणी सुटून मेन जेटमध्ये गोळा झाले. खंबाटकी घाट चढताना फुल रेसवर पेट्रोल कमी पडलं आणि इंजिनचा पिस्टन सीज, सिलिंडरमध्येच अडकला. सिलिंडर रिबोअर करावा लागला, कार्बच्या दुप्पट खर्च. तेव्हापासून प्रत्येक भोकात हवा मारून ती दुसरीकडून निघतेय का, ते बघितल्याशिवाय कुठलाच कार्ब लावत नाही.

राहिला प्रश्न २८ लावावा का. तुझ्या गाडीला कंपनीने दिलेला मिकुनी २० मिमीचा. २८ म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट, इंजिन मात्र ९८ सीसीच. भोक मोठं झालं की खालच्या रेसवर हवेचा वेग पडतो आणि नोझलमधून पेट्रोल नीट उचललं जात नाही. पोर्टिंग जोरदार असेल आणि एक्स्पान्शन चेंबरही (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर) लावला असेल तर वरच्या आरपीएमला मजा येईल. पण शहरात, दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालताना गाडी भकभक करणार. रोज ऑफिसला जायची हीच गाडी असेल तर मी २४च शोधेन.

तरी २८च हवा असेल तर विकणाऱ्याला सांग, स्लाइड आणि एअर स्क्रू माझ्यासमोर काढ. नाही म्हणाला तर तेवढ्या पैशात नवीन ओको घे. खाच खाल्लेल्या अस्सल केहिनपेक्षा तो केव्हाही चांगला चालतो. लावताना मेन जेट एक-दोन आकडे मोठाच ठेव आणि प्लगचा रंग बघत खाली ये. इंजिनकडच्या तोंडाचा बाहेरचा व्यासही मोजून घे, तुझ्या जुन्या रबर जॉइंटमध्ये हा बसणार नाही, आणि क्लॅम्प आवळून ओढूनताणून बसवलास तर तिथूनच बाहेरची हवा आत शिरेल.