पाणी दोन्हीकडे आहे

अगं,

दोन कवितांच्या तुलनेचा तुझा निबंध काल रात्री वाचला, मोबाईलवर पीडीएफ वाचून डोळ्यांची वाट लागली ते असो. लिहिलंयस छान, पण तुलना कुठंय त्यात? पहिली दोन पानं बालकवींची 'औदुंबर', पुढची दोन मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' आणि मध्ये एक 'याउलट'. ही दोन रसग्रहणं झाली, स्टेपलर मारलेली. मीही एमएला असंच करायचे, अप्पा बळवंत चौकातून गाईड आणायचं, त्यातलं थोडं इकडचं थोडं तिकडचं उतरवायचं, मार्क पडायचे म्हणून बरीच वर्षं कळलंच नाही.

बालकवींच्या अपघाताचा पॅरा आधी काढ. १९१८ मध्ये जळगावजवळच्या भादलीला ते रेल्वेखाली गेले हे खरंय, पण म्हणून कवितेतला काळा डोह म्हणजे मृत्यूची चाहूल? लिहिताना त्यांना काय माहीत पुढे काय होणार ते! मर्ढेकरांच्या संग्रहाचं १९४७ साल, महायुद्ध, यंत्रयुग हेही एका वाक्यात उरक.

आणि 'निसर्ग विरुद्ध शहर' नको गं, ते सगळेच लिहितात, आणि दोन कविता वेगळ्या आहेत हे तपासणाऱ्याला दिसतंच की. आधी सारखं काय ते शोध. पाणी बघ. तिकडे झरा आणि डोह, इकडे पिंपातली ओल. दोन्हीकडे पाण्यात कोणीतरी आहे, तिकडे औदुंबराचं झाड, इकडे उंदीर, आणि दोन्हीकडे 'मी' हा शब्दच नाहीये. मग बघतंय कोण? हा प्रश्न घेतलास की निबंध आपोआप उभा राहतो, कारण उत्तर दोन्हीकडे वेगळं येतं.

ते उत्तर शब्दांतच मिळतं. 'औदुंबर'च्या आठच ओळी, त्यातले रंग पेन्सिलने गोल कर, हिरवा, निळासावळा, पांढरी पायवाट, मग काळा डोह, म्हणजे कविता अंधारत जाते आणि अगदी शेवटी येतो 'असला औदुंबर'. त्या 'असला'वर मी तर अर्धं पान लिहीन, कारण 'असला' म्हटलं की कोणीतरी बोट दाखवतंय, 'मी' न म्हणता. आता मर्ढेकर वाच, 'जगायची पण सक्ती आहे', इथे बोटबिट काही नाही, नोटीस बोर्डावरचा हुकूम वाटतो नुसता. बघ, दोन्ही कविता एकाच पॅरात आल्या की नाही? सगळे पॅरे असे पाडायचे, एक मुद्दा आणि त्यात दोघेही.

मला स्वतःला उंदरांच्या कवितेत माया दिसते, शेवटच्या 'न्हाले! न्हाले!'मुळे. न्हाणं हा किती घरातला शब्द आहे, आपण तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतो. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना तिथे फक्त कुचेष्टा ऐकू येते आणि दरवेळी आमचं वाजतं त्यावरून. तुलाही तसंच वाटत असेल तर बिनधास्त तसं लिही, फक्त कुठल्या शब्दावरून वाटलं तो शब्द दाखव मला. रविवारी दुपारी घरीच आहे मी, प्रिंट घेऊन ये, पीडीएफ नको.